बटणची सोय

४ मार्च

दातवाले,

डोळ्याची तारीख ठरली. एकवीसला उजवा, डाव्याचं नंतर बघू म्हणाले. मोतीबिंदू छान पिकलाय म्हणे, झाडावरचं फळ असल्यासारखं कौतुकाने सांगत होते. गेलं वर्षभर मी सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते, मला वेगळं सांगायला नको होतं.

फोन का करत नाहीस, असं तू विचारतेस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि भिंतीपलीकडे शेजारणीला सगळं. त्यापेक्षा पत्र बरं.

खरी अडचण बटणची आहे. ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात केस-धूळ जाऊ द्यायची नाही. आणि ती तर तुझे काका गेल्यापासून माझ्या उशाशी झोपते. काकांनी तिला शिवणाच्या दुकानात आणलं त्या दिवशी ती बटणांच्या डब्यात तोंड घालून बसली होती, तेव्हा नावासाठी डोकं खाजवावं लागलं नाही. आता कुत्री म्हातारी व्हायला आली, पण मी दाराबाहेर पाऊल टाकलं की अजून पिल्लासारखी रडते.

तुझ्या इमारतीत कुत्रं चालत नाही. तुझी आई म्हणजे माझी बहीण, खिडकीत चिमणी बसली तरी फिनेल घेऊन धावते. राहिला तुझा लिफ्टवाला. तळमजल्यावर घर, मागे मोकळी जागा, मेमध्ये तुमचं लग्न, म्हणजे घरचाच माणूस. एकच शंका. मागे तुम्ही दोघं आलात तेव्हा बटण त्याच्या मांडीवर चढायला गेली, तर तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. निघेपर्यंत उभाच. कुत्र्यांना भितो का गं? एवढ्या उंचावर लिफ्टच्या दोराशी झटापट करणारा माणूस, आणि माझ्या बटणला भितो! विचारून बघ त्याला.

तुझी मावशी


११ मार्च

मावशी,

बटणला त्याच्याकडे ठेवू नकोस. दुसरी कुठलीही सोय कर. हवं तर मी पैसे भरते, तिला जनावरांच्या दवाखान्याच्या पाळणाघरात ठेवू.

कारण लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही कागद फाडले. एवढंच सांगते, की त्याने मला त्याचं आधीचं काहीतरी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. लग्नाआधी तुला कळायलाच हवं, असं तोच म्हणाला. माझ्याआधी दोघींशी त्याचं जमलं होतं. पहिलीला सांगितलं, तर ती चप्पलही नीट न घालता निघून गेली. दुसरीला सांगितलंच नाही, तर सगळा वेळ लपवण्यात गेला आणि आपण ह्याला आवडतच नाही असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून मला आधीच सांगितलं. मी काही निघून गेले नाही. त्याबद्दल मला शाबासकी द्यावी की चार शब्द सुनवावेत, माझं मलाच कळत नाही.

तो आहे तसाच आहे. वेळेवर येतो, माझी पिशवी घेतो, चहा माझ्यापेक्षा चांगला करतो. मी त्याच्याकडे बघते आणि दमून जाते. राग येत नाही, रडूही येत नाही. लॅबमध्ये काल एका आजोबांच्या कवळीत खालचा दात वर बसवला. मालक म्हणाले, लग्न ठरलेल्या मुलींकडून मी निदान वरचा दात वर एवढीच अपेक्षा ठेवतो. सगळे हसले, मीही हसले.

लग्न मोडलेलं नाही. ठेवलेलंही नाही. आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझी दातवाली


१७ मार्च

दातवाले,

तुझं पत्र वाचलं आणि आधी जीव घाबरा झाला, मग भांड्यात पडला. मला वाटलं दारू, नाहीतर पोलीस.

तू नाव घेतलं नाहीस तरी मी काय तुझ्या आईसारखी भोळी आहे का? सांगायची लाज वाटते, एक ऐकून पळते, दुसरीपासून लपवावं लागतं, म्हणजे कुणाची तरी बायको असणार. तुझ्या काकांचंही असंच होतं. लग्नाआधी ते ज्या दुकानात शिकाऊ होते, तिथे काजं करायला एक बाई यायची. नवऱ्याची, मुलाबाळांची. आमचं लग्न होऊन महिना झाला नसेल, एक दिवस कात्री खाली ठेवून म्हणाले, तुला एक सांगायचंय. सांगितलं. मी एका पँटची शिलाई उसवत होते, ती उसवत राहिले. पुढे कधी विचारलं नाही. त्यांनी नको तिथे मन लावलं खरं, पण ते काही माझ्याशी वाकडं वागणं नव्हतं. मी तेव्हा त्यांच्या गावीही नव्हते.

माणूस आपणहून सांगतो ही लहान गोष्ट नाही. कान पिळायचा तर आज पीळ, पण आयुष्यभर पिळत बसू नकोस.

बटणची सोय झाली. कुठे ते विचारू नकोस, परत आली की सांगेन. तू तुझे दात सरळ बसव.

तुझी मावशी


१७ मार्च

लिफ्टवाले,

नावाने हाक मारायची अजून सवय नाही, म्हणून घरात जे म्हणतो तेच लिहिते. राग मानू नका.

भाचीने मला तुमच्याबद्दल लिहिलं. तिच्यावर रागावू नका, तिला बोलायला दुसरं कुणी नाही. मी वयाने मोठी बाई आहे, एक माणूस आतून-बाहेरून पाहिलाय, मला झीट वगैरे आली नाही. माणूस एकटा असला की ऊब मिळेल तिकडे सरकतो. चुकतो. पण तुम्ही स्वतः सांगितलंत. माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही.

हे नुसतं लिहून तुम्हाला खरं वाटणार नाही. म्हणून माझी बटण, यांच्यामागे माझ्याजवळ राहिलेला एवढाच जीव, डोळा बरा होईपर्यंत तुमच्या हवाली करते. शनिवारी येऊन घेऊन जा. भाचीला तूर्त बोलू नका. ती म्हणते तुमच्याकडे ठेवू नको. रुसवा आहे, जाईल.

मावशी


२८ मार्च

आदरणीय मावशी,

तुमचं पत्र मी कामाच्या पिशवीत घेऊन फिरतो. बटणला घ्यायला आलो तेव्हा हे बोलणार होतो, पण तुमची शेजारीण सारखी आत-बाहेर करत होती, आणि मला तोंडाने जमलंही नसतं.

हे कळल्यावर कुणी मला साधं पत्र लिहील, असं वाटलं नव्हतं. तुम्ही 'ऊब' म्हटलंत. मीही स्वतःला तेच सांगायचो. माझे मानसोपचाराचे डॉक्टर मात्र मला तसं बोलू देत नाहीत. जे केलं ते त्याच्या नावाने म्हणा, म्हणतात. म्हणून तुमच्याशीही आडपडदा ठेवत नाही. तिशीच्या आतबाहेर, परमुलखात एकटा राहत होतो, तेव्हा माझ्याजवळ असलेल्या कुत्रीशी मी शरीरसंबंध ठेवले. एकदा नव्हे, काही वर्षं. ते प्रेम आहे, तिलाही ते हवं आहे, असं मी धरून चाललो. तिला नको म्हणता येत नव्हतं. ते माझ्या सोयीचं होतं. ती मेल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो, अजून जातो. तेव्हापासून जनावर पाळलं नाही, दुसऱ्याच्या घरी असलं तर हात लावत नाही. तुमच्याकडे खिडकीशी उभा राहिलो तो त्यामुळे.

कुठल्याही जनावराबरोबर एकट्याने राहायचं नाही, असा डॉक्टरांचा नियम आहे. मी तुम्हाला नाहीच म्हणणार होतो. पण सगळं माहीत असून तुम्ही बटणला माझ्या हवाली केलंत. मग मला नाही म्हणवेना. डॉक्टरांना हे अजून सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तुमच्या भाचीलाही नाही.

बटण मजेत आहे. तिला स्वयंपाकघरात झोपवतो आणि माझ्या खोलीचं दार आतून लावून घेतो. सुरुवातीला ती दाराशी रडायची. परवा रविवारी दुपारी मी दार उघडलं. ती येऊन पायाशी झोपली. मला झोप आली नाही. काही झालं नाही, मावशी. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुमचा,
लिफ्टवाला


१ एप्रिल

बाळ,

काल फोनवर मी फक्त 'बटण लिफ्टवाल्याकडे आहे, आत्ताच्या आत्ता आण' एवढं बोलून ठेवला, कारण शेजारीण अगदी खांद्याशी उभी होती. आता सगळं लिहिते. अक्षर वाकडं दिसेल, एका डोळ्याने लिहितेय.

त्याचं पत्र आलं तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी, डोळा लाल झाला म्हणून पुन्हा बांधलेली, त्यामुळे शेजारीण म्हणाली, आणा, मी वाचते. तिला तेवढंच हवं असतं. खुर्ची ओढून बसली, 'आदरणीय मावशी' असं नाटकातल्यासारखं म्हणाली. वाचता वाचता थांबली. म्हटलं, पुढे? म्हणाली, अक्षर लागत नाही. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे! माझी कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं ती घडाघडा वाचते. कागद माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बाई, हे तुम्हीच वाचा. मी काही वाचलं नाही." आणि गेली. मी काकांचं भिंग काढून डाव्या डोळ्याने वाचलं. एकेक शब्द भिंगाखाली येत होता, त्यामुळे एकदम कळायची सोयही नव्हती.

तुला आता लपवून काय करू? मी त्याला पत्र लिहिलं होतं. भाचीने सांगितलंय, माझ्या मनात काही नाही, असं. तुला सांगू नका, असंही. माझ्या डोक्यात ती कुणाची तरी बायको होती. त्याला वाटलं मला सगळं ठाऊक आहे आणि तरी मी त्याला माफ केलं. तो आपला नियम धरून बसला होता गं, तो मीच सोडायला लावला.

त्याचं पत्र सोबत पाठवते. तू नीट सांगितलं असतंस तर, असं मी म्हणणार नाही. असलं कसं सांगणार? 

ती कशी आहे ते कळव. लगेच.

मावशी


७ एप्रिल

मावशी,

बटण ठीक आहे, हे आधी. माझ्याकडेच आहे. पिशवीत घालून वर नेताना वॉचमनने बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. म्हणाला, ताई, ही पिशवी भुंकायला लागली तर मी नव्हतो.

तुझा फोन आला तशी अंगावर लॅबचा कोट तसाच ठेवून गेले. त्याने दार उघडलं. बटण त्याच्या मागून धावत आली, माझ्यावर चढली, परत त्याच्याकडे गेली. तिने तसं जायला नको होतं असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तिची चादर घडी करून ठेवली होती. पाण्याचं भांडं लख्ख घासलेलं. एरवी मी म्हटलं असतं, बघा किती नेटका माणूस.

मी विचारलं, "ही इथे केव्हापासून आहे?"

"तू बस आधी."

"केव्हापासून?"

त्याने सांगितलं. म्हणजे मधल्या दोन्ही रविवारी आम्ही भेटलो, बागेत फिरलो, पडद्यांचं कापड बघितलं, आणि घरी बटण होती. दुसऱ्या रविवारी मी म्हटलं होतं, तुझ्याकडेच जाऊन चहा घेऊ. तो म्हणाला, नळाचं काम काढलंय, पसारा आहे.

"मला कधी सांगणार होतास?"

"ती परत गेल्यावर."

"का?"

"तू घाबरली असतीस. आणि मावशींनीच सांगितलं होतं नको म्हणून. त्यांना सगळं माहीत आहे, तरी त्यांनी—"

"मावशीला काही माहीत नव्हतं. तिला वाटलं तुझं कुणा बाईशी होतं."

मावशी, तो खाली फरशीवरच बसला.  मग म्हणाला, "म्हणजे कुणीच नाही." त्याचा अर्थ मला कळला. तेव्हा मी त्याच्याजवळ बसायला हवं होतं का? मी बटणचा पट्टा शोधत होते.

तिथून थेट दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय झालंय? म्हटलं, काही नाही, तपासा. काय तपासू? सगळं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मला बाहेर बसायला सांगितलं. परत बोलावून म्हणाल्या, छान आहे, वजन जरा वाढलंय. मी पुन्हा विचारलं. नक्की? नक्की, म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन मी परत फिरले आणि तिसऱ्यांदा विचारलं. त्या चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काही झालं नाही असं तो म्हणतो, आणि मला वाटतं ते खरं आहे. पण मला ते डॉक्टरीणबाईंकडून ऐकावं लागलं. उद्या शेजाऱ्यांनी मांजर आणलं, आम्ही कुणाकडे पाहुणे गेलो, त्याला यायला उशीर झाला, तर मी प्रत्येक वेळी कुणाला विचारत फिरू? त्याने आधीचं सांगितलं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, हा लपवणारा नाही, याच एका गोष्टीला धरून राहीन. तीच गेली. मला संसार करायचा होता मावशी, पहारा द्यायचा नव्हता.

लग्नाला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे. त्याने भांडायला हवं होतं, असं आता वाटतं.

रविवारी बटणला घेऊन येते.

दातवाली


१९ एप्रिल

बाळ,

तू गेल्यापासून बटण मला सोडत नाही. मीही तिला उशाशी झोपू देते. डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या डोळ्याचं तुम्ही बघा.

मी त्याला पत्र लिहिलं. सोपं नव्हतं. माझं आधीचं पत्र गैरसमजातून लिहिलेलं होतं, त्यातली माफी तुम्ही आपली समजू नका, असं लिहिलं. आणि बटण तुमच्याकडे होती हे डॉक्टरांना सांगा, नियम पुन्हा धरा, असंही. एक वाक्य आणखी लिहायचं होतं, तुमचं बरं होवो वगैरे. बराच वेळ पेन हातात धरून बसले. लिहिलं शेवटी. मला त्याची दया येते. आणि तो बटणच्या डोक्यावरून हात फिरवतोय असं नुसतं मनात आलं तरी मी बटणला जवळ ओढून घेते. दोन्ही खरं आहे, काय करू?

याबद्दल कुणी शहाण्या माणसाने काही लिहिलंय का बघावं, म्हणून वाचनालयात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, विषय?  म्हटलं, प्राणी. त्यांनी मला पोपट कसे पाळावेत याचं पुस्तक दिलं. घेतलं. वाचतेय. पोपटांना फार एकटं ठेवू नये म्हणे.

शेजारीण तेव्हापासून त्या पत्राबद्दल चकार शब्द बोललेली नाही. त्या बाईच्या पोटात इतकी जागा असेल असं मला वाटलं नव्हतं. काल येऊन सुईत दोरा ओवून गेली, मी हाक न मारता.

तुझ्या आईचा फोन आला होता. का मोडलं म्हणून खोदखोदून विचारत होती. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. तू तिला काय सांगितलंस?

मावशी


९ मे

मावशी,

आईला मी काहीच सांगितलं नाही, म्हणून तिने स्वतःच ठरवलं. त्याचं दुसरीकडे होतं, असं ती आता सगळ्यांना सांगते. मी खोडत नाही. खरं सांगितलं तर लोक त्याला कामावर ठेवणार नाहीत, आणि मला पुढची दहा वर्षं सगळे त्याच नजरेने बघतील. आत्या म्हणाली, बरं झालं वेळेवर कळलं, पुरुषांची जातच अशी. मी मान हलवली. मान हलवायला फार बळ लागत नाही.

लॅबमधल्या एकीने तिच्या भावाचं सुचवलं. चांगला आहे म्हणे. मी विचारलं, तुमच्याकडे कुत्रं-मांजर काही आहे का? ती म्हणाली, का, तुला आवडतं? मी म्हटलं, नाही, सहज. मग स्वच्छतागृहात जाऊन बसले. हे जाईल ना गं मावशी? तू विचारायचं नाही ठरवलंस आणि निभावलंस. मला न विचारता राहता येईल असं वाटत नाही, आणि विचारलं तरी समोरच्याच्या उत्तराचं मी काय करणार?

काल तो आला होता. जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या जिन्याखाली उभा. मी ठेवून आलेली स्वयंपाकाची दोन-चार भांडी आणि माझा स्वेटर एका खोक्यात भरून आणला होता. बारीक झालाय. डॉक्टरांना सगळं सांगितलं म्हणाला. आता आठवड्यातून दोनदा जातो.

"तुला माझी भीती वाटते का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नाही. दमलेय."

"हं," म्हणाला. खोकं माझ्या हातात दिलं, जड आहे, खालून धर म्हणाला. मी खालून धरलं.  वरून मालकांच्या कवळ्या घासायच्या मशीनचा आवाज येत होता. तो जायला वळला, दोन पावलं गेला, आणि थांबून त्याने विचारलं,

"बटण कशी आहे?"

साधा प्रश्न, मावशी. वॉचमन विचारतो, शेजारीण विचारते, तुझे डोळ्याचे डॉक्टरसुद्धा विचारतात. तो वाट बघत उभा राहिला. मी खोक्यातल्या स्वेटरकडे बघत राहिले. मग त्यालाच कळलं, आणि त्याने हात जरासा वर केला, राहू दे म्हटल्यासारखा, आणि रस्ता ओलांडून गेला.

तुझी,
दातवाली